विषय: न्यू जर्सीतल्या आपल्या टाउनशिपच्या हाउसिंग प्लॅनवर मराठी मंडळाचं पत्र, गुरुवारच्या सुनावणीआधी

सचिव, सोमवार रात्री ९:४०
नमस्कार मंडळी,
प्लॅनिंग बोर्डाची सुनावणी गुरुवारी आहे. मसुदा मागच्या मेलला जोडलाय. मागण्या दोनच: ऑफिस पार्कच्या जागेवरची परवडणारी घरं सगळी ५५ वर्षांवरच्यांसाठी ठेवावीत, आणि आपल्या टाउनशिपच्या रहिवाशांना पहिला हक्क मिळावा. किती जणांचे आईवडील बेसमेंटमध्ये दिवस काढतायत ते आपण बघतोच. बुधवारपर्यंत हरकत आली नाही, तर पत्र लेटरहेडवर पाठवते.

खजिनदार, रात्री १०:१५
हरकत आहे. लेटरहेड कार्यकारिणीचं आहे. बैठक नाही, ठराव नाही. पार्किंगच्या पत्राच्या वेळी काय झालं ते विसरू नका, तीन महिने मीच उत्तरं देत होतो. शिवाय आपण ५०१ सी ३, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहोत.

मराठी शाळा, रात्री १०:५०
काका, ५०१ सी ३ ला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. योजनेवर मत द्यायला बंदी नाही. पत्र जाऊ दे, पण शाळेचा उल्लेख काढा. आमचा रविवारचा वर्ग स्कूल डिस्ट्रिक्टच्या इमारतीत भरतो. परवानगी दरवर्षी मीच मागते, त्यात गुंतागुंत नको.

माजी अध्यक्ष, मंगळवार सकाळी ७:०५
सचिवताई, दोन्ही मागण्या टिकणार नाहीत. मार्च २०२४ च्या राज्याच्या कायद्यानुसार प्रत्येक गावाला परवडणाऱ्या घरांचा कोटा असतो, त्यात ज्येष्ठांची राखीव घरं जास्तीत जास्त ३० टक्केच धरतात. निम्मी तरी कुटुंबांसाठी लागतात. आणि पहिला हक्क गावाला देता येत नाही, प्राधान्य रीजनला, म्हणजे काही काउंट्यांच्या गटाला असतं. आपल्या रीजनमध्ये मिडलसेक्स, सॉमरसेट आणि हंटर्डन. म्हणजे घरं ज्या लॉटरीतून मिळतात, त्यात हंटर्डनमधली बाई आणि आपल्या शेजारची बाई एकत्रच.

या कोट्याची आता जी चौथी फेरी आहे ती २०३५ पर्यंत चालेल. प्लॅन ३० जून २०२५ च्या आत दाखल झाला नाही, तर गावाचं कोर्टातलं संरक्षण जाऊ शकतं. मग बिल्डर थेट दावा लावून त्याला हवी तेवढी दाट वस्ती मागतो. ‘सगळं ज्येष्ठांसाठी नाहीतर काहीच नको’ अशा पत्राने आपण त्यालाच वाट करून देऊ.

सभासद, सकाळी ८:२०
३० टक्के तर ३० टक्के. पण घरांच्या किमती पडतील त्याचं काय? ऑफिस पार्कमागच्या गल्लीत माझं घर आहे. अठरा वर्षं हप्ते भरतोय. शाळांवर ताण येणार तो वेगळाच.

मराठी शाळा, सकाळी ८:४५
ताणाचा आकडा तरी द्या! आमच्या वर्गात यंदा पटच कमी आहे, मुलं हवीच आहेत.

माजी अध्यक्ष, सकाळी ९:३०
तुमची काळजी खरी आहे, म्हणून सांगतो. गावांनी परवडणारी घरं द्यायची हा नियम ज्या गावावरून सुरू झाला, त्या माउंट लॉरेलमध्येच हे तपासलं गेलंय. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७५ च्या निकालामागे ज्यांचा दावा होता, त्या एथेल लॉरेन्स यांच्या नावाची परवडणाऱ्या घरांची वस्ती २००० साली उभी राहिली. प्रिन्स्टन विद्यापीठाचे डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या भागाची तशाच इतर गावांशी तुलना केली. किमती, कर, गुन्हे, कशावरही वाईट परिणाम दिसला नाही. निकाल आणि वस्ती यांत पंचवीस वर्षं गेली. एथेलबाई १९९४ मध्येच वारल्या, त्यांना ती बघायला मिळाली नाही.

दुसऱ्या सभासद, दुपारी १:१०
मी या यादीवर सहसा लिहीत नाही. घर मोडल्यावर दोन मुलांना घेऊन मी अशाच घरात सहा वर्षं राहिले. लॉटरीत नंबर लागायला दीड वर्ष लागलं. पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, टॅक्स रिटर्न, सगळं दोनदा दिलं. एका अर्जात एक सही राहिली म्हणून माझा नंबर मागे गेला, तेव्हा गाडीत बसून रडले होते. गणपतीला मी त्याच घरातून मंडळात यायची. कुणाला कळलं नाही, कारण मी सांगितलं नाही. माझ्यासारख्या बाईला ५५ ची अट लावली असती तर मी कुठे गेले असते? पत्रात तीन बेडरूमच्या घरांचं लिहा. आई, दोन मुलं आणि आजी, एवढ्यांना तेवढं लागतं.

सचिव, दुपारी २:००
ताई, ‘सगळी ज्येष्ठांसाठी’ हे वाक्य आत्ताच काढते. आईच्या काळजीपोटी मी घाईत लिहिलं.

आता पत्रात एवढंच: ३० टक्क्यांपर्यंत ज्येष्ठांसाठी, ती तळमजल्यावर किंवा लिफ्टसह. कुटुंबांसाठी तीन बेडरूमची घरं कायद्याच्या किमान प्रमाणापेक्षा जास्त. लॉटरीची माहिती गुजराती, हिंदी, मराठीतही. आणि ऑफिस पार्कपासून बस थांब्यापर्यंत फूटपाथ, तिथे आज तो नाही.

खजिनदार, दुपारी २:३५
फूटपाथचं बरोबर आहे, माझी बायको तिथून चालते. तरी लेटरहेड ठरावाशिवाय देणार नाही. बुधवारी रात्री नऊला फोनवर बैठक घ्या, पाच जण आले तर कोरम होतो. नाही झाला तर आपापल्या नावाने सह्या करा.

मराठी शाळा, दुपारी २:४०
बुधवारी नऊला मी आहे. गुरुवारी बोलणार कोण? माणशी तीनच मिनिटं मिळतात.

दुसऱ्या सभासद, दुपारी ३:०५
मी बोलते. मात्र कुणीतरी सोबत चला.