डेल्फ बी-१ : वाचलेले समजते, ऐकलेले निसटते, तीन महिन्यांत काय करावे?

शिरोलीचा_फौंड्रीवाला

सप्रेम नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत गुणवत्ता विभागात काम करतो. आमची काही कास्टिंग (साच्यात ओतलेले धातूचे भाग) फ्रान्समधील ग्राहकाकडे जातात, म्हणून दोन वर्षांपूर्वी फ्रेंच शिकायला घेतले आणि आता तीन महिन्यांनी पुण्याला जाऊन डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी-१ ही मधली पातळी देण्याचा विचार आहे. ग्राहकाचे लांबलचक तक्रारपत्र मी शब्दकोश न उघडता वाचतो. मात्र तोच माणूस फोनवर बोलू लागला की चार-पाच शब्दांपलीकडे हाती काही लागत नाही. घरी सोडवलेल्या दोन नमुना प्रश्नपत्रिकांत वाचनाला २५ पैकी २१ आणि २२ गुण मिळाले, श्रवणाला मात्र ९ आणि १०. कोल्हापुरात बोलायला जोडीदार नसल्यामुळे आरशासमोर बोलतो, आणि आई काळजीने पाहत राहते. आधी तिच्या खालची ए-२ पातळी देऊन मग बी-१कडे वळावे का, आणि कान तयार व्हावा म्हणून रोज नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रंकाळा_काठ

ए-२ सक्तीची नाही. डेल्फची कोणतीही पातळी थेट देता येते. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात, एकूण १०० पैकी ५० मिळवावे लागतात आणि एकाही विभागात ५ पेक्षा कमी गुण चालत नाहीत. तेव्हा आजच्या श्रवणावरही तुम्ही अडकणार नाही. फक्त त्याची तूट वाचनातून भरून काढण्याची सवय लागू देऊ नका, कारण ज्याला ऐकू येत नाही त्याची संभाषणातही पंचाईत होते.

तुमची अडचण शब्दसंग्रहाची दिसत नाही, शब्दांच्या सीमांची दिसते. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला ‘काय करीत आहेस’ पक्के ठाऊक असते, पण बिंदू चौकात कोणी ‘काय करालाईस?’ म्हटले की तो गोंधळतो. फ्रेंचमध्ये आपली गत तशीच होते. तिथे एका शब्दाच्या शेवटचा मुका व्यंजनवर्ण पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो. ‘इल झाँ’ म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे’ आणि ‘इल साँ’ म्हणजे ‘ते आहेत’. कागदावर हे दोन प्रयोग स्पष्ट वेगळे दिसतात, कानाला मात्र ‘झ’ आणि ‘स’ एवढाच फरक उरतो.

म्हणून रोज श्रुतलेखन करा. आरएफआय या फ्रेंच नभोवाणीचे सोप्या फ्रेंचमधील दहा मिनिटांचे बातमीपत्र संहितेसह मिळते. त्यातील एकच मिनिट घ्या, संहिता न पाहता जसे ऐकू येईल तसे लिहून काढा, मग ताडून पाहा आणि जिथे दोन शब्द एक झाले तिथे लाल खूण करा. कामे करता करता तासभर कानावर पडू देण्यापेक्षा हे एक मिनिट अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. आकड्यांचा सराव वेगळा करा. ऐंशीला ते ‘काट्र-व्हँ’, म्हणजे ‘चार विसा’ म्हणतात. माझी आजी अंडी अशीच विसांवर मोजत असे, त्यामुळे मला तो आकडा कधी परका वाटला नाही.

भवानी_मंडप

श्रुतलेखनाबद्दल सहमत आहे. आकड्यांवर मात्र फार वेळ घालवू नये. प्रश्न बहुपर्यायी असतात आणि ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात, त्यामुळे आधी प्रश्न नीट वाचले तर कशासाठी कान टवकारायचे हे कळते.

लेखनाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण वाचन चांगले असलेले लोक तिथेच गाफील राहतात. ४५ मिनिटांत किमान १६० शब्द लिहायचे असतात आणि दोन मोकळ्या जागांमधला अक्षरसमूह एक शब्द धरला जातो, म्हणजे लोपचिन्हाने (’) जोडलेले दोन शब्द मिळून एकच. या हिशेबात बरेच जण कमी पडतात.

भूतकाळात मराठीचा आधार घ्या. ‘ती गेली’ यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, तर ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्येही ‘एत्र’ (असणे) हे सहायक क्रियापद लावून होणारी जाण्या-येण्याची क्रियापदे कर्त्याशी जुळतात. ‘आव्वार’ (जवळ असणे) लावले की रूप कर्माशी जुळते, पण कर्म आधी आले असेल तरच. ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात ‘एक्री’, आणि ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ यात ‘एक्रित’. हिंदी-मराठी न येणाऱ्याला हा नियम घोकावा लागतो. आपल्याला फक्त कर्माची जागा तपासावी लागते. मात्र ‘ती चालली’, ‘ती धावली’ येथे फसू नका : ही क्रियापदे ‘आव्वार’ घेतात आणि स्त्रीलिंगी होत नाहीत.

आता_पुण्यात

मी मूळचा राजारामपुरीचा. बी-१च्या तोंडी परीक्षेत पहिल्या खेपेला मी स्वतःच्या हाताने घोटाळा केला, तो सांगतो. तोंडी परीक्षा सुमारे पंधरा मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात : स्वतःची ओळख, एखाद्या प्रसंगातला संवाद आणि छोट्या मजकुरावर आपले मत. तयारीला मिळणारी दहा मिनिटे फक्त तिसऱ्या भागासाठी असतात. त्या दहा मिनिटांत मी कच्च्या कागदावर पूर्ण वाक्ये लिहिली आणि आत जाऊन ती वाचू लागलो. परीक्षक बाईंनी शांतपणे हात पुढे करून कागद पालथा ठेवायला सांगितला, आणि पुढचे अर्धे मिनिट माझ्या तोंडून ‘अलोर’ (‘तर मग’) याखेरीज काही फुटेना. दुसऱ्या खेपेला कागदावर पाचच शब्द लिहिले.

जोडीदार नसल्याची खंत करू नका. दुसऱ्या भागाला तयारीचा वेळच नसतो आणि त्यात बहुधा तक्रार, विनंती किंवा समजूत घालणे येते. हे तर तुमचे रोजचे काम आहे. कास्टिंगला पडलेली भोके कशामुळे पडली आणि बदली माल केव्हा पाठवाल, हे मराठीत मनाशी न जुळवता फ्रेंचमध्ये सांगून मोबाईलवर मुद्रित करा, मग स्वतःच ऐका. शिवाय लेखी आणि तोंडी परीक्षा वेगवेगळ्या दिवशी येऊ शकतात. बोलावणेपत्र हाती आल्याशिवाय परतीचे तिकीट काढू नका.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ए-२चा विचार सोडला आहे. काल एका मिनिटाच्या श्रुतलेखनाला चाळीस मिनिटे लागली आणि सतरा लाल खुणा झाल्या. त्यानंतर ग्राहकाने गेल्या महिन्यात ठेवलेला ध्वनिसंदेश पुन्हा लावला. ज्याला मी इतके दिवस ‘साँ’ समजत होतो ते ‘झाँ’ होते. आमच्या मालाचे नमुने त्यांच्याकडे पोहोचले आहेत, एवढेच तो सांगत होता, आणि मी मात्र ते नमुने पुन्हा पाठवले होते.