‘कोरणे’, ‘खोदणे’, ‘नक्षी’ आणि धातूवरील ‘शेडिंग’

विचारणा

गेले दोन महिने मी तांब्या-पितळेच्या पट्ट्यांवर हाताने कोरण्याचा सराव करीत आहे आणि त्याची टिपणे मराठीतच ठेवण्याचा माझा प्रयत्न आहे. एन्ग्रेव्हिंगसाठी ‘उत्कीर्णन’ आणि शेडिंगसाठी ‘छायांकन’ हे शब्द मला सुचविण्यात आले; परंतु पहिला ताम्रपटातला वाटतो आणि दुसरा चित्रपटाच्या श्रेयनामावलीतला. यांहून रुळलेले शब्द आहेत काय? ‘कोरणे’, ‘खोदणे’ आणि ‘नक्षी काढणे’ यांत भेद करावा काय?

प्रतिसाद १

‘उत्कीर्णन’ जड आहे, पण अर्थाने अगदी नेमका आहे. ‘कॄ’ म्हणजे विखुरणे. ‘विकीर्ण’, ‘प्रकीर्ण’, ‘संकीर्ण’ हे त्याच धातूपासून (अर्थात व्याकरणातल्या) झालेले शब्द होत. त्याच्या आधी ‘उद्’ हा उपसर्ग आला की वर उधळण्याचा अर्थ येतो. पोलादी हत्याराचे टोक तांब्यात शिरून पुढे सरकते तेव्हा त्याच्यासमोर धातूची बारीक, कुरळी साल वर उठते. ती ज्याने पाहिली आहे त्याला ताम्रपटांच्या शेवटी येणारे ‘उत्कीर्णम्’ कोरडे वाटणार नाही. तरीही रोजच्या टिपणांत ‘कोरणे’ हेच क्रियापद ठेवावे, असे मला वाटते.

भेद करायचा तर त्या सालीवरूनच करावा. धातू निघून गेला तर ते कोरणे. नुसता दबला तर तो ठसा. आणि मागून ठोकून पुढे फुगवला तर ते उठावाचे काम. ‘खोदणे’ विहिरीला आणि शिलालेखाला शोभते, केसाएवढ्या रेघेला ते फार मोठे पडते. ‘कोरणे’ मुळातच बारीक कामाचे आहे: कान कोरतात, दात कोरतात, आणि ‘दात कोरून पोट भरत नाही’ या म्हणीत तर त्या बारीकपणाचीच थट्टा आहे. ‘नक्षी’ हा शब्द अरबी ‘नक्श’वरून फारसीमार्गे आला, नकाशा त्याचाच भाऊ. मात्र नक्षी विणलेली, रंगवलेली, ठोकलेली कशीही असू शकते, त्यामुळे तो शब्द काय झाले ते सांगतो, कसे झाले ते सांगत नाही.

हत्याराला ‘कोरणी’ म्हणावे आणि ‘छिन्नी’ हातोडीने ठोकायच्या हत्यारासाठी राखून ठेवावी. कोरणीच्या तोंडाचा कोन सहसा ४५ अंशांच्या आसपास ठेवतात. तिला पाणी देणे, धार लावणे हे शब्द आपल्याकडे आधीपासूनच आहेत. आणि धार बोथट झाली की कोरणी घसरून जे उमटते त्याला ‘ओरखडा’ म्हणतात, हे आपणांस दोन महिन्यांत कळले असेलच.

‘छायांकन’ मात्र टाळावे. कोळशाने चित्र काढताना कागदावर सावली खरोखरच पसरवता येते. धातूवर सावली नसतेच, असते ती फक्त रेघ. ती दाट, खोल किंवा रुंद झाली, दुसरीने छेदली अथवा ठिपक्यांत तुटली की डोळ्यांना गडदपणा भासतो. क्लोद मेलाँ या फ्रेंच कोरणाऱ्याने १६४९ साली ख्रिस्ताचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघालेल्या एकाच वर्तुळाकार वाढत जाणाऱ्या रेघेने कोरला. ती रेघ कोठेही दुसरीला छेदत नाही, केवळ जागोजागी फुगते आणि बारीक होते, आणि तेवढ्याने गाल, केस, डोळे उभे राहतात. अशा कामाला मी ‘रेघांनी भरणे’ म्हणेन, आणि कोरणी कलती करून रुंदावत नेलेल्या रेघेला ‘फुगती रेघ’.

प्रतिसाद २

वरील विवेचन मान्य आहे, पण ‘शेडिंग’ला हाकलण्याचे कारण मला दिसत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या पिढ्यान्‌पिढ्या हाच शब्द वापरत आल्या आहेत. ‘पाकळी रेघांनी भरली’ हे कृतीचे वर्णन म्हणून उत्तम आहे. तथापि ‘या पाकळीचे शेडिंग फसले’ हे वाक्य त्याने सांगता येत नाही, कारण रेघा सगळ्या भरूनही शेडिंग फसू शकते.

आणखी एक प्रयोग नोंदवावासा वाटतो. स्टीलच्या डब्यावर वा पितळी पातेल्यावर आपण नाव ‘घालतो’ किंवा ‘टाकतो’. जुन्या भांड्यांवरची ती अक्षरे पुष्कळदा टोच्याने ठोकलेल्या ठिपक्यांची असतात. त्यांतून साल निघत नाही, त्यामुळे आपल्या कसोटीने ते कोरणे नव्हे, आणि बोलणाऱ्यांनीही त्यासाठी वेगळे क्रियापद वापरले आहे.

मूळ विचारकाकडून

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. ‘शेडिंग’ परिणामासाठी आणि ‘रेघांनी भरणे’ कृतीसाठी, अशी वाटणी मी आजपासून करीत आहे. कालच्या पानावर ‘छायांकन सदोष’ असे लिहिले होते. ते खोडून आता ‘देठाजवळ रेघा दाट झाल्या नाहीत, म्हणून पाकळी सपाट दिसते’ असे लिहिले आहे, आणि पुढच्या पट्टीवर काय करायचे ते मला त्या वाक्यावरूनच समजते आहे.