जत्रेचा खर्च कॅसिनोवाला उचलतो म्हणतोय, मध्ये आमदार आहेत. घ्यावा का?

खजिनदार_डिचोली

नमस्कार मंडळी. गावाचं नाव देत नाही, गोव्यात डिचोली तालुक्यातला आहे एवढं पुरे. आमच्याकडे देवस्थान समिती महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांची, ती वेगळी, आणि जत्रेसाठी गावच्या पोरांची उत्सव समिती वेगळी. मंडप, लायटिंग, दोन रात्रींची नाटकं, महाप्रसाद हे सगळं आम्ही बघतो आणि हिशेब माझ्याकडे असतो. घरोघरी फिरून वर्गणी, स्मरणिकेतल्या जाहिराती, असं करून भागवतो, कमी पडलं तर चार जण खिशातून घालतात.

यंदा आमदारांचा माणूस घरी आला. म्हणाला मांडवीत जहाज असलेली एक कॅसिनो कंपनी सगळा मंडप आणि दोन्ही नाटकं उचलायला तयार आहे, आमदारांनी शब्द टाकलाय. अट काय तर प्रवेशाच्या कमानीवर कंपनीचं नाव, उद्घाटन आमदारांच्या हस्ते, आणि पैसे अर्धे चेकने अर्धे रोख. वर म्हणतो कसा, रोखीची पावती फाडू नका, तुम्ही पोरं राबता, वरखर्चाला होतील. मी पावतीबुक टेबलावरच ठेवलेलं, त्याने ते सरळ हाताने बाजूला सरकवलं. ते मला अजून डोक्यातून जात नाही.

मीटिंगमध्ये तट पडलेत. जाणती मंडळी म्हणतात देवाच्या दारात आला तो पैसा देवाचा झाला, कुठून आला ते विचारणारे आपण कोण. पोरं म्हणतात गावातले कितीतरी जण तिथेच नोकरीला आहेत मग आता सोवळं कशाला. आणि मला वाटतं की निवडणूक तोंडावर असताना, आमदारामार्फत, जुगाराच्या धंद्यातला पैसा, तोही बिनपावतीचा, हे देवाच्या नावाने घेणं बरोबर नाही, पण नेमकं का बरोबर नाही ते मला मीटिंगमध्ये नीट मांडता आलं नाही. म्हणून विचारतोय. कायदा काय म्हणतो आणि तुमचं मन काय म्हणतं दोन्ही सांगा.

फोंड्याचा_महाजन

खजिनदार, तुमच्या जाणत्यांचं म्हणणं खोटं नाही पण अर्धवट आहे. आपल्याकडे गुप्तदानाला मोठा मान आहे. पेटीत कोणी किती टाकले कोणी बघत नाही आणि बघूही नये, कारण देणाऱ्याला देवाकडून जे हवं ते त्याचं आणि देवाचं, त्यात तिसरा नाही. आयकर कायदासुद्धा हे मानतो. इतर संस्थांना निनावी देणगी आली तर 30 टक्के कर लागतो, पण निव्वळ धार्मिक संस्थेला त्यातून सूट आहे, ती आपल्या पेट्यांसाठीच.

पण तुमच्याकडे आलेलं गुप्तदान नव्हेच. गुप्तदान करणारा कमानीवर नाव मागत नाही. इथे जे लोकांना दिसायला हवं, म्हणजे किती पैसे आणि कशासाठी, ते लपवायचंय आणि जे लपवलं तरी चाललं असतं, म्हणजे दात्याचं नाव, ते लायटिंग करून दाखवायचंय. सगळं उलटं.

निवडणूक रोखे आठवा. 2018 साली योजना आली, कंपनीने स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, लोकांना नाव कळणार नाही. 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ती घटनाबाह्य ठरवली, मतदाराला पक्षाला पैसा कोण देतो ते कळायला हवं, कारण पैशाच्या बदल्यात काम होण्याची शक्यता असते. त्याआधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 7.5 टक्क्यांपर्यंतच पक्षाला देता यायचं, 2017 मध्ये ती मर्यादा काढून टाकलेली, तोही बदल कोर्टाने रद्द केला. आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या तेव्हा सगळ्यात मोठी खरेदीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, 1,300 कोटींच्या वर. ज्या धंद्याचं सगळं जगणं सरकारी परवान्यावर, त्यालाच सरकार चालवणाऱ्यांना खूश ठेवायची सगळ्यात जास्त गरज. कॅसिनोचंही तेच आहे, लायसन्स सरकारचं, मुदतवाढ सरकारची, जहाज नदीत कुठे नांगरायचं तेही सरकार ठरवणार.

मग त्या कंपनीला तुमच्या गावच्या देवाची आठवण आमदारामार्फत का आली, हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारा. भक्ती असती तर मालक स्वतः आला असता, ओटी भरली असती, गाऱ्हाणं घातलं असतं.

हिशेबनीस_म्हापसा

कायद्याचं थोडं सांगतो, अकाउंट्सच्या ऑफिसात आहे.

एक म्हणजे बिनपावतीची रोख घेऊ नका, विषय संपला. चौकशी झाली तर आमदारांचा माणूस येणार नाही, खजिनदार म्हणून तुमचं नाव येणार. दुसरं, कंपनीला विचारा हे पैसे तुम्ही कुठल्या खात्यात दाखवणार. जाहिरातीचा फायदा घ्यायला केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चात, धरत नाहीत, 2021 पासून नियमातच आहे. म्हणजे कमानीवर नाव हवं असेल तर ती जाहिरात आहे, देणगी म्हणून पाया पडायला लावू नका आणि पडूही नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणालाच माहीत नसतं. 1988 चा एक केंद्रीय कायदा आहे, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखण्याचा. देवळाची जागा राजकीय कामाच्या प्रचारासाठी वापरायला देता येत नाही, देवस्थानचा पैसा पक्षाच्या फायद्यासाठी वापरता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 पर्यंत दंड. आमदार दर्शनाला आले, नारळ ठेवला, त्यात काही नाही, ते पण भक्तच. पण देवळाच्या आवारात पक्षाच्या चिन्हाचा फ्लेक्स आणि स्टेजवरून मतं मागणारं भाषण झालं तर ते अंगाशी येऊ शकतं. तुमच्या महाजनांना हे लेखी कळवून ठेवा. तसंही 1933 च्या देवस्थान कायद्याखाली त्यांचं बजेट आणि हिशेब मामलेदाराकडे जातात, आवारात काय होतं त्याला तेच उत्तर देणार.

रंगकर्मी_पेडणे

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. जत्रेत नाटक करणारा माणूस आहे मी. गोव्यात मराठी नाटक टिकलं ते थिएटरांमुळे नाही, देवळांपुढच्या मंडपांमुळे टिकलं. पडदा, लाईट, मेकअप, ऑर्गनवाला, तबलजी, बाहेरून आणलेली नटी असेल तर तिचं मानधन आणि गाडी, या सगळ्याचा खर्च कुठल्या कुठे गेलाय आणि घरटी वर्गणी होती तिथेच आहे. लोक पहाटेपर्यंत बसून नाटक बघतात आणि वर्गणीला गेलं की शंभराची नोट पुढे करतात. मग पैसा आणायचा कुठून? सरकार स्वतः कॅसिनोकडून फी घेतं, कर घेतं, सप्टेंबर 2025 पासून तर जीएसटी 40 टक्के झाला, त्याच पैशातून रस्ते होतात, शाळा चालतात, कला अकादमीला पैसे जातात. ते आपण घेतो ना? मग मंडपातच एकदम पाप कसं झालं? माझं मत, चेकने घ्या, पावती द्या, कमानीवर नाव नको म्हणून ठणकावून सांगा, पण नाटक बंद पाडू नका.

फोंड्याचा_महाजन

रंगकर्मी, तुमची तळमळ कळते पण कर आणि देणगी एक नव्हे हो. कर सरकार कायद्याने वसूल करतं, त्यासाठी कंपनीचे आभार मानायचे नसतात आणि उद्या तिच्याविरुद्ध बोलायला तोंडही बंद होत नाही. देणगी घेतली की तोंड बंद होतं. उद्या ग्रामसभेत कॅसिनोविरुद्ध ठराव आला तर उत्सव समितीची पोरं हात वर करतील का? ते मला सांगा.

दिवाडीची_सून

माझा धाकटा भाऊ कॅसिनोत डीलर आहे, रात्रभर उभं राहून पत्ते वाटतो, सकाळच्या फेरीबोटीने घरी येतो. घरचं सगळं त्याच्या पगारावर. आमच्या सप्ताहाला तो दरवर्षी वर्गणी देतो. वर अशा पैशाबद्दल लिहिलेलं वाचून वाईट वाटलं. त्याचा पैसा घामाचा आहे. कंपनीचा पैसा आणि तिथल्या कामगाराचा पैसा एकाच तागडीत घालू नका एवढंच म्हणणं. गावातली पोरं तिथे नोकरीला आहेत म्हणून कंपनीला कमान द्या हे म्हणणारे पण चुकतात आणि त्या पोरांकडे नाक मुरडणारे पण चुकतात.

आणि एक सांगते. गोवेकरांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे, 1 फेब्रुवारी 2020 पासून लागू केली. म्हणजे सरकारलाच वाटतं की हे आपल्या माणसांसाठी बरं नव्हे. मग ज्या दारातून आपल्या माणसाला आत जाऊ नको म्हणून सांगितलंय त्याचं नाव आपल्या देवाच्या दारावर कसं लावायचं? लहान पोरं त्या कमानीखालून जाणार, वाचणार.

पणजीकर

आमदाराच्या शब्दावर भरवसा ठेवून काही ठरवू नका. जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांना बसमधून पणजीच्या महालक्ष्मी देवळात, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावलेली, निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही म्हणून. त्याच वर्षी 14 सप्टेंबरला अकरापैकी आठ जण भाजपमध्ये गेले. एका ज्येष्ठाने सांगितलं की देवाला विचारूनच जातोय. तीन धर्मांच्या देवांपुढे घेतलेली शपथ आठ महिने टिकली. आणि कॅसिनोवर भाजपची कथा वेगळी नाही, विरोधात असताना कॅसिनो हटवा म्हणून आंदोलनं केली आणि सत्तेत आल्यावर त्याच जहाजांना मुदतवाढ देत राहिले. दोन्हीकडच्यांनी देव वापरला आणि दोन्हीकडच्यांनी धंदा सांभाळला. मला याची मनापासून चीड येते कारण मी तिन्ही ठिकाणी हात जोडणाऱ्यांतला आहे.

खाणपट्ट्यातला

खजिनदार, तुम्ही डिचोलीचे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, पण तुमची पोरं लहान असतील. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या गावात जत्रेचा खर्च खाणवाला करायचा. नाटक फुकट, लायटिंग फुकट, रंगरंगोटी फुकट, वर्गणीचं पुस्तक कुठल्या कपाटात आहे तेसुद्धा लोक विसरले. शेतात लाल चिखल यायचा, झऱ्याचं पाणी आटलं, ट्रक दारावरून जायचे, पण बोलायचं कोणी? जत्रा त्यांच्या पैशाची. मग 2012 च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, मध्ये परत सुरू झाल्या, 2018 मध्ये 88 लीज रद्द झाल्या. पैसा एका दिवसात बंद. त्या वर्षी आमची उत्सव समिती घरोघरी गेली तर म्हाताऱ्या बायका विचारायला लागल्या, वर्गणी कसली? एक अख्खी पिढी अशी निघाली जिला जत्रेला पैसे द्यायचे असतात हेच ठाऊक नव्हतं. परत सवय लागायला वर्षं गेली, एका रात्रीचं नाटक बंद झालं ते अजून चालू नाही.

तुमच्याकडे आज वर्गणीचं पुस्तक चालू आहे. ते एका वर्षासाठीसुद्धा बंद पाडू नका.

खजिनदार_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. खाणपट्ट्यातले दादा, तुमचं लिहिलेलं मी मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं आणि आमचे सर्वात जुने सभासद, जे पैसे घ्या म्हणत होते, तेच म्हणाले की हे आपल्याकडे पण झालंय.

ठरलं ते असं. कंपनीला कळवलं की कमान मिळणार नाही, रोख घेणार नाही, स्मरणिकेत जाहिरात इतरांना आहे त्याच दराने, चेकने, आमदारांमार्फत नको. ते परत आले नाहीत. आमदारांना निमंत्रण आहे, सगळ्यांसारखं रांगेत दर्शन, स्टेज नाही. यावर दोन जणांनी समिती सोडली आणि त्यांचा राग खरा आहे कारण नाटकाची सुपारी त्यांनीच दिलेली. दुसऱ्या रात्रीच्या नाटकाचे पैसे अजून जमलेले नाहीत. कॅसिनोतल्या आमच्या पोरांनी आपापली वर्गणी दिली, ती नावानिशी पावती फाडून घेतली.

रंगकर्मी, तुमचा प्रश्न उरतोच, ते मला मान्य आहे. तुमच्याकडे कमी खर्चात येणारा, स्थानिक कलाकारांचा ग्रुप असेल तर कळवा, जेवण आणि राहण्याची सोय आम्ही करू.

रंगकर्मी_पेडणे

आमचाच ग्रुप आहे. संगीत नाटक, ऑर्गन आणि तबला आमचे घरचे, मेकअपवाला एक बाहेरचा लागतो, त्याचे तेवढे पैसे द्या. स्टेज किमान वीस फूट रुंद हवं आणि माईक लोंबते नकोत, उभे हवेत. तारीख सांगा.