केनियाहून परतताना

परदेशातलं स्वयंसेवेचं काम संपलं की रिकामं वाटतं का, असं कुणीतरी विचारलं होतं. मला वाटलं, अजूनही वाटतं. केनियातल्या माकुएनीत वर्षभर वाळूचे बंधारे बांधायला मदत केली. कोरड्या नदीत आडवी भिंत घालायची. पुरासोबत आलेली वाळू मागं साठते, तिच्यात पाणी मुरतं, आणि ऊन लागत नाही म्हणून टिकतं. निघायच्या दिवशी तिथल्या एका आजीनं नदीच्या वाळूत झिरा, म्हणजे पाण्यासाठी छोटा खड्डा, उकरून मला पाणी पाजलं. मांजरा नदीकाठी माझी आजी अगदी असंच करायची! २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी तिथं शिकत होतो. आता गावी आलो, तर नदीतली वाळू उपसून नेलेली, खाली नुसता खडक. येत्या ग्रामसभेत हाच विषय मांडणार आहे.