मदत हवी आहे: पुराचा आराखडा लिहिलाय, पण 'माल हलवा' हे कोणी आणि कधी म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

बडोद्यात औषधांच्या एका होलसेल पेढीत मी मॅनेजर आहे. फतेगंज भागात तळमजल्यावर गोडाऊन आणि ऑफिस, माणसं चौदा. पावसाळा तोंडावर आलाय, आणि मालकांनी 'पूर आला तर धंदा कसा चालू ठेवायचा' याचा आराखडा माझ्याकडून मागितलाय. नव्वद टक्के झालाय. जिथे अडलोय ते कळावं म्हणून आधी गेल्या वेळचं सांगतो.

२६ ऑगस्ट २०२४ला जन्माष्टमी होती, पेढी बंद. विश्वामित्री नदीने काळा घोडा पुलाजवळ २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पुढे ३५ फुटांच्याही वर गेली. पूल बंद झाले की बडोद्याचे दोन तुकडे होतात. गोडाऊन नदीच्या एका बाजूला, शटरची चावी मालकांकडे पलीकडे कारेलीबागेत, मीही पलीकडेच रावपुऱ्यात. त्या दुपारी मी, मालक आणि आमचा गोडाऊनवाला, तिघंही एकमेकांना फोनवर विचारत होतो, 'जाऊन बघायचं का?' प्रत्येकाला वाटलं, दुसरा ठरवेल. तोवर पाऊस ओसरला आणि आम्ही निर्धास्त झालो. तिथेच चुकलं. पावागडाकडून येणारं पाणी आणि आजवा तलावातून सुटलेलं पाणी शहरातला पाऊस थांबल्यावरही नदीत येतच राहतं.

शटर उघडलं तेव्हा इन्सुलिनचा फ्रीज पाठीवर आडवा पडलेला. बॅकअप आम्ही रोज रात्री न चुकता घ्यायचो, पण हार्ड डिस्क कॉम्प्युटरखालच्याच ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर ओढला तर आधी गढूळ पाणी सांडलं, मग डिस्क हाताला लागली. सीएंकडे जूनअखेरपर्यंतची टॅली होती. पुढच्या आठ आठवड्यांची बिलं केमिस्टांकडच्या कॉप्या मागून, बॅच नंबर आणि एक्स्पायरीसकट पुन्हा भरली. एका केमिस्टाने फोनवर विचारलं, 'साहेब, इन्सुलिन कधी? पेशंट दारात उभा आहे.' माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते अजून टोचतं.

आता डेटाची व्यवस्था केलीय: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक शहराबाहेर. आठवड्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघतो, कारण न उघडलेल्या बॅकअपवर आता विश्वास बसत नाही. बिलिंग चार तासांत सुरू व्हायला हवं आणि फार तर एका दिवसाची बिलं पुन्हा भरायची तयारी ठेवायची, हेही मालकांशी बोलून ठरलंय.

अडलंय ते दोन ठिकाणी. पहिलं, हुकूम कोणाचा? 'परिस्थिती पाहून व्यवस्थापन निर्णय घेईल' असं वाक्य मीच लिहिलं, आणि वाचल्यावर मला तीच दुपार आठवली. दुसरं, माल न्यायचा कुठे? ड्रग लायसन्स ठरावीक जागेपुरतंच असतं, त्यामुळे कुणाच्याही घरी किंवा रिकाम्या गाळ्यात औषधं ठेवता येत नाहीत. अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
दादा, मी मकरपुरा जीआयडीसीत प्रॉडक्शन बघतो. ते वाक्य आधी खोडा. त्या जागी नदीचा आकडा लिहा. आकडा ठरवायचा उलटा हिशोब करून. एका रविवारी घड्याळ लावून खरोखर माल हलवून बघा. समजा सहा तास लागले, तर धोक्याच्या पातळीला पोचायच्या किमान सहा तास आधीची पातळी तुमची. ती आली की कुणालाही विचारायचं नाही, निघायचं. पुरात वीज खबरदारी म्हणून बंद करतात, मग मोबाइलचे टॉवरही किती वेळ चालतील याचा भरवसा नसतो. म्हणून फोन लागलाच पाहिजे अशी योजना ठेवू नका. चावी नदीच्या त्याच बाजूला राहणाऱ्या माणसाकडे द्या, त्याच्या जोडीला दुसरा नेमा, आणि टेम्पो ठरवण्याइतका खर्च करायचा अधिकार मालकांच्या सहीने लेखी द्या. तोंडी अधिकार असला की माणूस कचरतो. राखीपासून गणपतीपर्यंतच्या सुट्ट्यांची पाळी आत्ताच लावा.

प्रतिसाद २
मी विम्याच्या क्लेमचं काम करते. तुमच्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचं कलम आहे ना, आणि विम्याची रक्कम आजच्या स्टॉकएवढी आहे ना, हे आज बघा, उद्यावर टाकू नका. पेढी बंद राहिल्यामुळे बुडालेला नफा त्यात सहसा येत नाही, त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट आणि गोडाऊनचे फोटो बाहेर कुठेतरी साठवा. भिजलेला माल विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत फेकू नका. लोक साफसफाईच्या घाईत पुरावाच फेकून देतात, हे मी फार वेळा पाहिलंय. जागेचं म्हणाल तर एखाद्या लायसन्सधारक स्टॉकिस्टशी आधीच लेखी बोलणी करा, आणि कागद कसा असावा ते तुमच्या ड्रग इन्स्पेक्टरांना विचारून घ्या.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल रविवारी करून पाहिलं. फ्रीजमधला माल बर्फाच्या पेट्यांत भरायलाच पन्नास मिनिटं, सगळा माल टेम्पोत चढवायला साडेपाच तास. दोन पेट्यांची झाकणंच सापडेनात. आता कागदावर असं आहे: काळा घोड्याला १६ फूट झाले की फ्रीजमधला माल निघणार, १९ ला बाकी सगळा, आणि शटर उघडणार निझामपुऱ्यात राहणारा आमचा गोडाऊनवाला. मालकांनी सही केलीय.

स्टॉकिस्ट मात्र मिळाला तो कारेलीबागेतला, म्हणजे पुन्हा नदीपलीकडे. गोत्री किंवा सुभानपुऱ्याकडे उंचावर जागा असलेला, २ ते ८ अंशांचा फ्रीज आणि जनरेटर असलेला लायसन्सधारक स्टॉकिस्ट कोणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भाडं देऊ, आणि त्यांच्यावर वेळ आली तर आमची माणसं आणि टेम्पो त्यांच्या दारात उभे राहतील.