मदत हवी आहे : काळ्या दगडाच्या पोकळीतला निळा स्फटिक, कॅव्हान्साईट की पेंटॅगोनाईट?

मंडळी, झिओलाईटं (बेसॉल्ट या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत वाढणारी स्फटिक खनिजं) गोळा करायला लागून चार वर्षं झाली, पण असा निळा रंग हातात पहिल्यांदाच आलाय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

बेसॉल्टच्या एका खाणीत परवानगी काढून गेलो होतो. टाकाऊ दगडांच्या ढिगात मुठीएवढी पोकळी असलेला एक तुकडा दिसला. आत पांढऱ्या, मोत्यासारखी चमक असलेल्या स्फटिकांचा थर आहे. मध्ये आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना पसरलेल्या पेंढीसारखे ते दिसतात, म्हणून स्टिलबाईट (एक झिओलाईट) समजतोय. त्यावर वाटाण्याएवढा गडद निळा गोळा आहे. शिवाय पोकळीच्या कोपऱ्यात त्याच रंगाच्या चार-पाच बारीक सुया सुट्या उभ्या आहेत.

दगड लहान करायला छिन्नी लावली आणि शेजारचा दुसरा गोळा निखळून फुटला. फार वाईट वाटलं. त्याचा चुरा डबीत जपून ठेवलाय.

कॅव्हान्साईट पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींमुळे प्रसिद्ध आहे आणि पेंटॅगोनाईटही तिथेच मिळतं, एवढं माहीत आहे. पण दोन्ही निळीच, मग ओळखायची कशी? की हे अझुराईट आहे? उरलेल्या गोळ्याला धक्का न लावता काय तपासता येईल?

प्रतिसाद १

आधी एक विनंती. उरलेल्या गोळ्यावर सुई, नाणं, चाकू काहीही घासू नका. कॅव्हान्साईटची कठिनता ३ ते ४ आणि पेंटॅगोनाईटचीही तेवढीच, त्यामुळे ओरखडा काढून नुकसानच होईल, उत्तर मिळणार नाही. रासायनिक घटकही तेच: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट आणि पाणी. कॅव्हान्साईट हे नावच कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या अक्षरांवरून आलंय. फरक फक्त अणूंच्या मांडणीत आहे, म्हणून रंगावरून निर्णय करायचा नाही.

अझुराईटची शंका मला फारशी पटत नाही. ते तांब्याचं खनिज, सोबत बहुतेकदा हिरवं मॅलाकाईट असतं. बेसॉल्टच्या पोकळीत स्टिलबाईटवर बसलेला निळा गोळा म्हटलं की आधी कॅव्हान्साईटच आठवावं. तरी खात्री हवी असेल तर डबीतला एक कण काचेवर घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. अझुराईट असेल तर फसफसेल. मात्र भिंगातून आधी बघा, कणाला पांढरा कॅल्साईट चिकटलेला नको. तसा असेल तर तोच फसफसेल आणि तुम्ही फसाल. आम्ल मूळ नमुन्याजवळ नेऊच नका. वजनाच्या अंदाजाचाही इथे उपयोग नाही. अझुराईटचं विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.८ आणि कॅव्हान्साईटचं २.३ च्या आसपास, पण वाटाण्याएवढ्या गोळ्यात हा फरक हाताला कळत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मला गोळ्यापेक्षा कोपऱ्यातल्या त्या सुयांची जास्त उत्सुकता आहे.

केंद्रातून सगळीकडे फाकलेल्या स्फटिकांचा दाट, गोल गोळा हे कॅव्हान्साईटचं नेहमीचं रूप. पेंटॅगोनाईट बहुधा लांब, बारीक पात्यांसारखं, सुटं आणि काटेरी वाढतं. त्याच्या नावातला 'पेंटा', म्हणजे 'पाच', आलाय यमलनातून: जुळे स्फटिक पाचाच्या मांडणीत एकत्र वाढतात आणि आडवा छेद ताऱ्यासारखा दिसतो. म्हणून सुईकडे बाजूने नाही, टोकाच्या बाजूने बघा. दहा पटीचं भिंग डोळ्याला अगदी टेकवा, नमुना जवळ आणा आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडा. ताऱ्याच्या टोकांमध्ये, कडेने लांबीभर खोबणी असतील तर उजेडात त्या काळ्या रेषांसारख्या उठून दिसतील.

दोन्ही खनिजं पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडली आणि १९७३ मध्ये एकत्रच वर्णिली गेली. त्यामुळे एकाच पोकळीत दोन्ही असली तर नवल नाही.

आणि तो चुरा अजिबात फेकू नका. क्ष-किरण विवर्तनाला (क्ष-किरण सोडून अणूंची मांडणी ओळखण्याच्या तपासणीला) पूडच लागते, आणि या दोघांतला फरक त्यातून नक्की कळतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तासभर भिंग घेऊन बसलो होतो. चुऱ्यातला स्वच्छ निळा कण आम्लात शांत राहिला, म्हणजे अझुराईट बाद. गोळा केंद्रातून फाकलेलाच आहे.

सुयांपैकी तीन अगदी भिंतीला चिकटून आहेत, त्यांची टोकं दिसत नाहीत. चौथीच्या टोकाशी तिरक्या उजेडात दोन खोबणी स्पष्ट दिसल्या, तिसरी असावी असं वाटलं. पाच काही मोजता आल्या नाहीत. तूर्त चिठ्ठीवर गोळ्यापुढे 'कॅव्हान्साईट' लिहिलंय आणि सुयांपुढे जागा मोकळी ठेवलीये. चुरा फक्त गोळ्याचा आहे, सुईचा नाही, त्यामुळे विवर्तनातूनही सुयांचा उलगडा होणार नाही. सुई न तोडता, दगड आहे तसाच ठेवून रामन वर्णपटाने (लेझर किरण टाकून खनिज ओळखण्याच्या पद्धतीने) तपासणी केल्याचा अनुभव कुणाला आहे का? पोकळी मुठीएवढीच आहे, किरण त्या कोपऱ्यापर्यंत पोचेल का हीच शंका आहे.