मदत हवी आहे: अ‍ॅस्बेस्टॉसच्या जुन्या कामगारांसाठी डीएलसीओ ही फुप्फुसाची तपासणी कुठे होते?

वाळूज आणि जालना भागात वर्षानुवर्षं सिमेंटचे पत्रे कापणाऱ्या, ब्रेक लायनर घासणाऱ्या चार कामगारांचे कागद जमवतोय. चौघांनाही जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला आहे. दोघांच्या चिठ्ठीवर ‘जुना टीबी’ लिहिलंय, पण थुंकीत जंतू नाहीत.

टीबीचे व्रण बहुतेक वेळा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतात. अ‍ॅस्बेस्टॉसिसचे, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुस कडक होण्याच्या आजाराचे, दोन्ही बाजूंना, खालच्या भागात. फुप्फुसाच्या आवरणावर चुन्यासारखे चट्टे असले तर शंका बळावते. कामानंतर 20 वर्षांनीही त्रास सुरू होतो, म्हणून ‘आता कुठे ते काम करता?’ असं म्हणून डॉक्टरांना विषय सोडू देऊ नका. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, पालथं झोपवूनही काढून घ्यावा. उताणं झोपल्यावर पाठीकडचा भाग नुसत्या वजनानंही दाट दिसतो.

अडलंय ते इथे. स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची तपासणी) झाली, पण डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी तपासणी, बाकी आहे. संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाईत हे मशीन चालू कुठे आहे, खर्च किती?

दुसरं, अ‍ॅस्बेस्टॉसिस ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. पण ठेकेदाराकडच्या कामगाराकडे जुनी पगारपावती नसेल तर पीएफचा उतारा आणि सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं वैद्यकीय मंडळापुढे चालली का? कुणी असा दावा लढवला असेल तर कृपया सविस्तर लिहा. चौघांपैकी एकाला आता बोलतानाही धाप लागते.